कॉलम, बीम आणि खिडकी सांभाळून वॉर्डरोबचे ड्रॉइंग कसे करावे?

आपल्या प्रश्नातील मापे आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही कळेल. बेडरूममधील वॉर्डरोबची भिंत ३०५० मिमी, म्हणजे दहा फूट आहे. तिच्या डाव्या कोपऱ्यात ३०० मिमी रुंदीचा कॉलम असून तो भिंतीच्या १५० मिमी पुढे आलेला आहे. वर भिंतभर बीम आहे. तो ८० मिमी पुढे आला आहे, त्याचा तळ फरशीपासून २४५० मिमीवर आणि स्लॅब २८०० मिमीवर आहे. उजव्या हाताच्या भिंतीत कोपऱ्यापासून ४५० मिमीवर खिडकी सुरू होते. सॉफ्टवेअरमध्ये कॉलम काढला की वॉर्डरोब कॉलमच्या पुढून सुरू होतो आणि एक फूट जागा वाया जाते. कॉलम काढला नाही तर बॉक्स सरळ काँक्रीटमध्ये घुसतो. आणि बीम दाखवण्याची सोयच आपल्याला सापडत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर बदलावे का, आणि बीमसाठी सगळ्याच वॉर्डरोबची डेप्थ कमी करावी का, असे आपण विचारले आहे.

सॉफ्टवेअर बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही. तयार युनिटांच्या यादीतून फर्निचर मांडायला लावणारी बहुतेक सॉफ्टवेअर भिंत म्हणजे एक सपाट पृष्ठभाग असे गृहीत धरतात आणि प्रत्येक बॉक्स त्या पृष्ठभागाला पाठ टेकवून उभा करतात. कॉलमसाठी आपण भिंतीच्या रेषेतच वळणे घेतली, की एका भिंतीच्या दोन भिंती होतात आणि युनिटांची रांग तुटते. आपल्याला दिसलेले वागणे त्यातूनच आले आहे. कॉलमच्या भोवती किती जागा मोकळी सोडायची, त्याच्यासमोरच्या बॉक्सची डेप्थ किती ठेवायची आणि त्या बॉक्सात काय ठेवायचे, हे तीन निर्णय मात्र कोणतेही सॉफ्टवेअर घेत नाही. ते आधी घेतले, तर ड्रॉइंग साध्या सॉफ्टवेअरमध्येही नीट होते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. काम जागेवर सुतार करणार असेल, तर पाच-सात मिमीचा फरक तो पट्टी रंधून सांभाळून घेतो. बॉक्स कारखान्यातून कापून येणार असतील, तर तोच फरक संपूर्ण युनिट परत पाठवायला लावतो. कंपनीच्या ठरलेल्या मापांची युनिटे घेणार असाल, तर डेप्थ कमी करण्याची मुभा असेलच असे नाही. पुढचे उत्तर मी हवी ती डेप्थ बनवून मिळते असे धरून, १८ मिमी प्लायच्या बॉक्ससाठी देत आहे.

सुरुवात मापांपासून करावी लागेल, कारण आपले ३०५० हे माप बिल्डरच्या नकाशातले आहे असे दिसते. नकाशातली मापे पुष्कळदा प्लास्टर चढण्यापूर्वीची असतात आणि दोन्ही बाजूंचे प्लास्टर, जिप्सम व रंग धरल्यावर प्रत्यक्ष अंतर थोडे कमी भरते. भिंतीची लांबी फरशीलगत, साधारण एक मीटर उंचीवर आणि बीमच्या तळाखाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि त्यांतले सर्वांत लहान माप धरा. कॉलमही याच तीन उंचींवर मोजा; कॉलम ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, नसणे ही अपवादाची गोष्ट नाही. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे पाहायला एका भिंतीवर ९०० आणि दुसरीवर १२०० मिमीची खूण करून दोन्ही खुणांमधले तिरके अंतर घ्या. ते १५०० भरले तर कोपरा गुण्यात आहे. कमी भरले तर कोपरा आत मिटलेला आणि जास्त भरले तर बाहेर उघडलेला आहे. मापे मिमीमध्येच लिहा. सुतार फूट, इंच आणि सूत बोलतो आणि सॉफ्टवेअर मिमी मागते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिमी, आणि तोंडी बदल करताना असे एखादे सूत हमखास सांडते.

आता अडथळा कसा काढायचा ते पाहू. भिंतीची रेषा सरळच ठेवा आणि कॉलम हा सुटा ठोकळा म्हणून त्या भिंतीला टेकवून मांडा. तो प्रत्यक्ष मापाचा काढू नका. त्याच्याभोवती जेवढी जागा मोकळी हवी तेवढी धरून मोठा काढा. आपल्या कॉलमसाठी मी ३०० × १५० ऐवजी ३१५ × १६० चा ठोकळा काढीन. बीमसाठी ८० ऐवजी ९० मिमी पुढे आलेला आणि २४५० ऐवजी २४४० वर तळ असलेला ठोकळा काढीन. हे दहा-पंधरा मिमी प्लास्टरचा फुगवटा, ओळंब्यातला फरक आणि बॉक्स सरकवताना लागणारी फट यांत खर्च होतात. स्वीट होम थ्रीडीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोणत्याही वस्तूला जमिनीपासूनची उंची देता येते. साधा चौकोनी ठोकळा घेऊन ती उंची २४४० दिली की बीम तयार होतो. स्केचअपमध्ये काम करत असाल, तर प्रत्येक अडथळ्याचा वेगळा ग्रुप करा, सगळ्यांना ‘अडथळे’ नावाचा एक टॅग द्या आणि ते ग्रुप लॉक करून ठेवा. लॉक केले नाही तर एखादा बॉक्स सरकवताना कॉलमही सोबत सरकतो आणि ते लगेच लक्षात येत नाही.

अडथळ्यांमध्ये हलणाऱ्या गोष्टीही मोजाव्या लागतात. खोलीच्या दाराचे पान उघडताना फिरते ती जागा, खिडकीची आत उघडणारी झडप, पलंगाची कड, पडद्याचा रॉड, एसीचा ड्रेन पाइप हे सारे ठोकळे म्हणूनच मांडा. आपल्या बाबतीत पडद्याचा रॉड महत्त्वाचा आहे. रॉड खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना सहसा १०० ते १५० मिमी जातो. त्यामुळे खिडकी कोपऱ्यापासून ४५० मिमीवर असली, तरी आपल्याला प्रत्यक्षात मिळणारी जागा ३०० मिमीच आहे.

कॉलमसमोर काय करायचे याचे तीन मार्ग आहेत. पहिला, सध्या आपले सॉफ्टवेअर करते तसा: कॉलमची जागा सोडून द्यायची आणि पुढे पट्टी मारून बंद करायची. कॉलम वॉर्डरोबइतकाच पुढे आलेला असेल तर हे ठीक आहे. १५० मिमीच्या कॉलमसाठी एवढी जागा सोडणे उधळपट्टी आहे. दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण डेप्थचा बॉक्स घेऊन त्याच्या पाठीत कॉलमच्या आकाराची खाच पाडायची. तिसरा म्हणजे कॉलमसमोर कमी डेप्थचा वेगळा बॉक्स करायचा आणि तो पुढे ओढून त्याचे शटर, म्हणजे दार, बाकीच्या शटरांच्या रेषेत आणायचे. माझ्या कामात मी जवळजवळ नेहमी तिसराच मार्ग घेतो.

खाच मला का आवडत नाही, तेही सांगतो. ड्रॉइंगमध्ये ठोकळ्यातून ठोकळा वजा करणे क्षणाचे काम आहे, पण कटलिस्टमध्ये, म्हणजे कापायच्या पॅनेलांच्या यादीत, त्या पॅनेलची बाहेरची लांबी-रुंदीच उतरते आणि खाचेचे माप वेगळ्या ड्रॉइंगवर हाताने लिहून दिले नाही तर पॅनेल सरळ आयत म्हणून कापले जाते. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात एजबँडिंगचे (प्लायच्या कडेला पट्टी चिकटवण्याचे) यंत्र जात नाही, तिथे पट्टी हाताने लावावी लागते आणि पावसाळी हवेत सुटायला सुरुवात तिथूनच होते. शिवाय बॉक्सच्या आत काँक्रीटचा किंवा त्याला झाकणाऱ्या प्लायचा उंचवटा येतो, त्यामुळे पूर्ण रुंदीचा ड्रॉवर बसत नाही आणि प्रत्येक कप्प्याचे माप वेगळे होते. कोपऱ्यातला पाण्याचा पाइप किंवा फरशीलगतचे स्कर्टिंग अशा लहान अडथळ्यांसाठी खाच योग्यच आहे. कॉलमसाठी ती सहसा महाग पडते.

आता आपल्या भिंतीवर हा हिशोब मांडून पाहू. तीन मापांत सर्वांत लहान ३०४० निघाले असे धरतो. मुख्य बॉक्सची डेप्थ ५६० आणि लॅमिनेटसह शटर २० धरले, तर भिंतीपासून शटरचा चेहरा ५८० मिमीवर येतो. कॉलमसाठी १६० सोडल्यावर त्याच्यासमोरच्या बॉक्सला ४०० मिमी डेप्थ मिळते. हा बॉक्स भिंतीपासून १६० मिमी अंतरावर ठेवायचा, म्हणजे त्याचा चेहरा आपोआप बाकीच्यांच्या रेषेत येतो. युनिटच्या गुणधर्मांत भिंतीपासूनचे अंतर देण्याची जागा असते तिथे हे १६० भरा, किंवा युनिट भिंतीपासून सोडवून हाताने पुढे घ्या. सॉफ्टवेअर यावर टक्कर झाल्याची लाल खूण दाखवत असेल, तर मापात चूक आहे असे समजा आणि इशारा बंद करून पुढे जाऊ नका.

रुंदीचा हिशोब मी असा करीन. डाव्या भिंतीलगत ४० मिमीची फिलर (फट झाकणारी) पट्टी, मग कॉलमसमोरचा ४०० चा बॉक्स, त्यानंतर ९०० चे दोन बॉक्स, ४५० चा एक बॉक्स, मग ३१० चे उघडे शेल्फ आणि शेवटी पुन्हा ४० ची पट्टी. बेरीज बरोबर ३०४० होते. डावीकडची पट्टी केवळ शोभेची नाही. शटर भिंतीला अगदी चिकटून असेल तर त्याचे हँडल भिंतीवर आपटते, शटर पूर्ण उघडत नाही आणि आतला ड्रॉवर बाहेर येताना शटरला घासतो. शिवाय भिंत ओळंब्यात नसेल, तर तो फरक सुतार याच पट्टीत रंधून घेतो. कॉलमचा बॉक्स ३०० चाही चालला असता, कारण ४० धरून त्याची कड ३४० वर येते आणि कॉलमचा ठोकळा ३१५ वर संपतो. पण ३०० च्या बॉक्सात आतून २६४ मिमीच उरतात आणि घडी केलेले शर्ट त्यात कोंबावे लागतात. ४०० केल्यावर कॉलमच्या बाजूला मागे थोडी पोकळी वाया जाते, ती मी जाऊ देतो.

या ४०० डेप्थच्या बॉक्सात काय ठेवायचे, हे ड्रॉइंगच्याच वेळी ठरवा. हँगर साधारण ४३० ते ४५० मिमी रुंद असतो, त्यामुळे आडव्या दांडीला कपडे लावले तर शटर मिटणार नाही. कप्पे ठेवा, किंवा समोर ओढायची दांडी बसवा. ड्रॉवर हवे असतील तर ४०० च्या बॉक्सात ३५० चे टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर सरकण्याची पट्टी) बसते, आणि त्या चॅनेलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी साधारण १३ मिमी लागतात हे ड्रॉवरच्या रुंदीतून वजा करा. तयार लायब्ररीतला ड्रॉवर बॉक्सची डेप्थ कमी केल्यावर स्वतःहून लहान होईलच असे नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये तो पाठीतून बाहेर निघालेला दिसतो आणि समोरच्या दृश्यात ते लपून राहते.

बीमचे काम त्यामानाने सोपे आहे. सगळ्या वॉर्डरोबची डेप्थ कमी करण्याची गरज नाही. खालचा भाग आणि माळा, म्हणजे वरचे कपाट, वेगळे करा. खालचा भाग पायासह (बॉक्सखालच्या १०० मिमीच्या बैठकीसह) २१०० मिमी उंच ठेवा. दाराची उंचीही बहुतेक घरांत २१०० च असते, त्यामुळे खोलीत एक सरळ रेषा मिळते, आणि बीम त्याच्या बराच वर असल्याने खालच्या बॉक्सना पूर्ण ५६० डेप्थ राहते. माळ्याच्या बॉक्सची डेप्थ ५६० मधून ९० वजा करून ४७० ठेवा आणि तो भिंतीपासून ९० मिमी पुढे मांडा. चेहरा पुन्हा ५८० वरच येतो. डाव्या कोपऱ्यात कॉलम बीमपेक्षा जास्त पुढे आलेला असल्याने तिथला माळा ४०० डेप्थचाच राहील. माळ्याच्या मागे बीमच्या तळापर्यंत ९० मिमीची पोकळी राहते. तिथे भिंतीवर ९० मिमी जाडी भरेल एवढ्या प्लायच्या पट्ट्या ठोकून बॉक्सची पाठ त्यांना कसा, कारण एरवी तो नुसता खालच्या बॉक्सवर बसलेला राहील. वर स्लॅबपाशी ३० मिमीची पट्टी धरा, म्हणजे माळ्याचा बॉक्स २१०० ते २७७० असा येईल आणि समोरून सरकवताना वर अडकणार नाही. फॉल्स सीलिंग करणार असाल, तर ते आधी होणार की वॉर्डरोब आधी, आणि सीलिंग वॉर्डरोबच्या चेहऱ्याशी थांबणार की त्याच्यावरून जाणार, हे आत्ताच ठरवा. ही ३० मिमीची पट्टी त्यावरच अवलंबून आहे.

म्हणजे आतापर्यंत तीन डेप्थ झाल्या: मुख्य बॉक्स ५६०, माळा ४७०, कॉलमसमोर खालपासून वरपर्यंत ४००. तिघांचेही शटर भिंतीपासून ५८० वर. बाहेरून पाहणाऱ्याला कॉलम कुठे आहे ते कळणार नाही.

ड्रॉइंगमध्ये कधीच न दिसणारी एक अडचण बॉक्स उभा करण्याची आहे. कारखान्यातून आलेला बॉक्स जमिनीवर आडवा जोडतात आणि मग उभा करतात. उभा होताना त्याचा कर्ण जमीन आणि छत यांच्यामध्ये मावला पाहिजे. २४०० उंच आणि ५६० डेप्थच्या बॉक्सचा कर्ण साधारण २४६५ मिमी येतो. छत २४५० वर असेल, तर तो बॉक्स तिथे ‘बसतो’ असे सॉफ्टवेअर दाखवील, पण तो खोलीत उभाच राहणार नाही. आपला खालचा बॉक्स पाया वगळता २००० चा असल्याने हा प्रश्न येत नाही. कोणी एकसंध उंच बॉक्स सुचवलाच, तर कर्ण काढून पाहा, आणि प्लायची शीट २४४० × १२२० ची असते हेही लक्षात ठेवा. त्यापेक्षा उंच पॅनेलला जोड द्यावाच लागतो.

उजवीकडे ३१० चे उघडे शेल्फ मी मुद्दाम सुचवले आहे. तिथे पूर्ण डेप्थचा बॉक्स केला तर तो खिडकीवर १३० मिमी चढेल. शेल्फची डेप्थ ३०० ठेवली की पडद्याचा रॉड मोकळा राहतो, आणि पुस्तके, औषधांचा डबा, चार्जिंगचे फोन यांना तेवढी पुरते. यामुळे ४५० च्या बॉक्सची उजवी बाजू पुढच्या २८० मिमीपुरती उघडी पडते. त्या पॅनेलला बाहेरून शटरचेच लॅमिनेट लावायचे आहे असे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा, नाहीतर आतला पांढरा लायनर (बॉक्सच्या आतून लावायचे लॅमिनेट) तिथे लागून येतो.

स्केचअप वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. एकच बॉक्स कंपोनंट करून त्याच्या प्रती मांडल्या असतील, तर एका प्रतीच्या आत शिरून डेप्थ बदलली की सगळ्या प्रती बदलतात. कॉलमसमोरचा बॉक्स बदलण्याआधी त्याच्यावर ‘मेक युनिक’ करा. काम झाल्यावर सेक्शन प्लेन लावून दोन आडवे छेद पाहा, एक साधारण १००० मिमी उंचीवर आणि एक २६०० वर, म्हणजे बीममधून जाणारा. त्यानंतर कॉलममधून जाणारा एक उभा छेद. या तीन छेदांत काँक्रीटचा ठोकळा आणि प्लाय यांच्यामध्ये सगळीकडे फट दिसली पाहिजे. समोरून रंगवलेले सुंदर थ्रीडी चित्र यातले काहीच सांगत नाही, आणि बहुतेक ग्राहकांना मंजुरीसाठी नेमके तेवढेच पाठवले जाते.

स्कर्टिंगसाठी पाया वेगळा करून तो मागून थोडा आखूड ठेवा. स्कर्टिंग पायाच्या उंचीच्या आत असेल तर बॉक्सला हात लावावा लागत नाही. भिंतीवर स्विचबोर्ड असेल आणि तो रोज लागत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून आधीच हलवून घ्या. कधीतरी लागणारा सॉकेट पाठीला खिडकी पाडून आत ठेवता येतो. एमसीबीचा (घराच्या मुख्य वीजस्विचांचा) बोर्ड मात्र कपड्यांच्या मागे जाऊ देऊ नका. मिव्हान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या नव्या इमारतींत भिंतीही काँक्रीटच्याच असतात. तिथे कॉलम पुढे येण्याचा त्रास सहसा नसतो, पण बोर्ड हलवण्यासाठी भिंत खोदणे टाळावे लागते.

आणखी एक गोष्ट, आपण विचारलेली नसली तरी. ‘कॉलम दोन इंच फोडून घेऊ, बॉक्स सरळ बसेल’ असे कोणी सुचवले तर साफ नकार द्या. आयएस ४५६ : २००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात कॉलमच्या सळ्यांवर सर्वसाधारणपणे किमान ४० मिमी काँक्रीटचे आवरण सांगितले आहे, दोन इंच म्हणजे ५० मिमी, म्हणजे सळई उघडी पडणारच. उघडी सळई गंजते, फुगते आणि कॉलमला तडे जातात, आणि तो कॉलम आपल्या एकट्याच्या घराचा नसतो.

नेमके ड्रॉइंग तपासायचे असेल, तर मला अजून तीन मापे लागतील: कॉलमची तिन्ही उंचींवरची पुढे आलेली मापे, खोलीच्या दाराची चौकट या भिंतीपासून किती अंतरावर आहे, आणि पलंगाची जवळची कड भिंतीपासून किती आहे. ९०० च्या बॉक्सचे प्रत्येक शटर ४५० चे असल्याने ते उघडल्यावर भिंतीपासून साधारण १०३० मिमीपर्यंत येते. पलंग त्याच्या आत असेल, तर त्या दोन बॉक्सना उघडणाऱ्या शटरांऐवजी स्लायडिंग घ्यावे लागेल आणि ट्रॅकसाठी ५८० ची रेषा आणखी पुढे न्यावी लागेल.